टोपी उचलेपर्यंत

ग्लेन फीया,
२० जानेवारी १७६४

प्रिय मार्सलीताई,

ज्या क्षणी ईव्हरकाकांची काठी माझ्या डाव्या कानशिलावर बसली आणि कोसळता कोसळता मला त्यांच्या लेकीचं, मुरेलचं, हसणं ऐकू आलं, त्या क्षणी माझं कॉलेज सुटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं पत्र तू आशेनं वाचणार नाहीस.

नव्या वर्षाला आठ दिवसांसाठी म्हणून गावी आलो होतो. दुसऱ्याच दिवशी लाखलान दारात उभा. "चल भट्टीवर. का ॲबर्डीनच्या हवेनं हाडं मऊ झाली?" ओढ्याखालची धान्य वाळवायची भट्टी तुला आठवत असेल. हिवाळ्यात तिथं धान्य नसतं, डझनभर पोरं असतात आणि काठ्या असतात. बंड मोडून सरकारनं तलवारी नेल्या त्याला अठरा वर्षं झाली. काठ्या ज्याच्या होतात त्या ॲशच्या झाडाला हात लावायचं त्यांना सुचलं नाही. ईव्हरकाका तलवारीचा हात त्या लाकडावरच शिकवतात.

शहरात तलवारमास्तरांकडे मी वर्षभर शिकलोय, हे तिथं एकदा बोललो असतो तर खपलं असतं. मी तीनदा बोललो. म्हातारा एका पायानं लंगडत पुढं आला. "या पंडित," म्हणाला. "आम्ही गुराखी माणसं. शहरात काठी कशी धरतात, जरा दाखवा."

मी पवित्रा घेतला. म्हणजे घेत होतो, तेवढ्यात पडलो.

मुरेल हसली. मग आढ्यावरची कोळ्याची जाळी काढून आणली आणि रक्त थांबावं म्हणून माझ्या जखमेवर दाबून बसली. "हलू नकोस," म्हणाली. "कोळ्यानं एवढं राबून विणलंय." काठ्या तिच्या ताब्यात असतात, धुरात टांगते, मेंढीची चरबी चोळते. तिच्या बोटांना तोच वास होता. ताई, मी तेव्हापासून तोंड धुतलेलं नाही.

माझी लॅटिनची पुस्तकं कुणाला हवी असतील त्याला दे. भाऊजींना काय सांगायचं ते तूच ठरव, तुला ते जमतं.

तुझा
फेराखर

*

ॲबर्डीन,
१६ फेब्रुवारी १७६४

फेराखर, गाढवा,

डोकं फुटल्यावर माणसाला शहाणपण येतं म्हणतात. तुझ्या डोक्यातलं होतं नव्हतं ते त्या भोकातून वाहून गेलं. ती हसली कारण तू पडलास. पडणाऱ्याला सगळेच हसतात. मी तिथं असते तर मीही हसले असते, आणि जाळी न लावता हसले असते.

तुझ्या भाऊजींना मी सांगितलं की तुला ताप आहे. खोटं नाही ते.

आता नीट ऐक. दूधआईचा निरोप मला नोव्हेंबरातच आला होता, लाखलानचं आणि मुरेलचं ठरल्यासारखं आहे म्हणून. तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. गावात पाऊल ठेवलेल्या कुत्र्यालाही ते ठाऊक झालं असेल. आपली आई गेली तेव्हा त्या बाईनं एका मांडीवर तिचा लाखलान घेतला आणि दुसऱ्या मांडीवर तुला. रक्ताचं नातं वीस पिढ्या आणि दुधाचं शंभर, हे आपल्याकडचीच माणसं म्हणतात ना?

परत ये. ताप उतरला असं मी सांगेन.

मार्सली

*

ग्लेन फीया,
११ मे १७६४

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. मार्च महिना मी बहुतेक रांगत काढला.

ईव्हरकाका हात शिकवतच नाहीत. पाय शिकवतात. समोरच्याची काठी सुटली की पुढचा पाय मागं आला पाहिजे, विचार न करता. "विचार करणाऱ्या पायाची नडगी फुटते," म्हणतात, आणि फोडून दाखवतात. माझ्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या होऊन पुन्हा पिवळ्या झाल्या. आता मात्र नुसता सपकन आवाज आला की माझा पाय आपोआप मागं जातो. परवा दूधआईनं घोंगडं झटकलं तर मी उडी मारून ताकाच्या डेऱ्यात बसलो. लाखलान हसून हसून भिंतीला टेकला. "अभ्यास पक्का झाला पंडिताचा," म्हणाला.

एक मेला, जाळ पेटवायच्या सणाला, पलीकडच्या खोऱ्यातले लोक आले होते. त्यांच्या बगळ्यासारख्या उंच गड्याशी लाखलान खेळला. खेळला म्हणजे काय, ते बघायला हवं होतंस. त्या माणसानं लाखलानच्या बरगडीवर दोन काठ्या घातल्या, आवाज ओल्या पोत्यावर पडल्यासारखा. तिसरीला लाखलान तिथं नव्हताच. तो आत शिरला आणि काठीचं बुड त्याच्या तोंडावर घातलं. गडी गुडघ्यावर आला, दोन दात थुंकला, त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि उठून परत उभा राहिला. शहरात रक्त आलं की थांबतात. इथं दोघंही आपापली टोपी मागं गवतावर टाकतात, आणि ज्याला पुरे झालं त्यानं आपली टोपी उचलायची. तोपर्यंत कुणी थांबत नाही, कुणी थांबवत नाही. आणि टोपी उचलली की त्या माणसाला काठीचा वारासुद्धा लागता कामा नये. त्या गड्यानं आणखी चार खाल्ल्या, एक कान लोंबायला लागला, तेव्हा कुठं टोपी उचलली. लाखलाननंच मग त्याला पाणी पाजलं.

मी ईव्हरकाकांना विचारलं, टोपी उचललेल्याला कुणी मारलं तर? त्यांनी आधी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याच्या दारी उघड्या डोक्यानं जायचं. आपली काठी त्याच्या हातात द्यायची आणि उभं राहायचं. तो मारेल तिथं, मारेल तशी घ्यायची." माझ्या आयुष्यात असं एकदाच बघितलं, म्हणाले. कुणाचं, ते सांगितलं नाही. आपला लंगडा गुडघा चोळत बसले.

तो गुडघा आता संपला, त्यांना शिकवणं झेपत नाही. एक ऑगस्टला, नव्या पिकाच्या सणाला, भट्टी कुणाकडं द्यायची ते ठरणार. जो शेवटपर्यंत टोपी उचलणार नाही त्याच्याकडं. सगळ्यांना ठाऊक आहे की शेवटी दोघंच उरतील, लाखलान आणि मी. आणि ज्याची भट्टी त्याचीच मुरेल, हे उघड आहे. काठ्या तिच्याकडं, काठ्या भट्टीत.

परवा मी तिला म्हटलं, मी खेळतो तेव्हा तू बघत जा. ती म्हणाली, "काठी कुठून येते ते बघ. मी कुठं बसलेय ते कशाला बघतोस?" काळजी करते, ताई.

फेराखर

*

ॲबर्डीन,
२४ जून १७६४

फेराखर,

भट्टी आणि मुलगी एका दाव्याला कुणी बांधली? ईव्हर म्हणाले? मुरेल म्हणाली? का तू एकटाच म्हणतोस आणि बाकीचे तुझं मन राखायला गप्प आहेत?

तुझं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं नाही. कानाचं वाचून मला स्वतःलाच जेवण गेलं नाही. तू त्या गड्यासारखाच आहेस, पुरे झालं हे तुला कधी कळायचं नाही. लहानपणी बोट दारात चेंगरलं तर तू दारालाच लाथा मारत बसायचास, बोट काढायचं सोडून.

तुला समजावण्यात अर्थ नाही म्हणून माझ्या परीनं मी एक तजवीज केली आहे. कसली ते विचारू नकोस. सण झाला की मुकाट्यानं इकडं ये, एवढंच.

मार्सली

*

ग्लेन फीया,
४ ऑगस्ट १७६४

ताई,

जिंकलो.

भुवईवर चीर आहे, एक दाढ हलते, डाव्या हाताची दोन बोटं मुठीत येत नाहीत. बाकी ठीक. दोनशे माणूस जमलं होतं. लाखलानला जरा जास्त लागलं. झोपून आहे. उठेल. डोळ्यांत रक्त होतं, त्यामुळं शेवटचं मला फारसं आठवत नाही. लोक काहीबाही बोलतात, लोकांना काय.

ईव्हरकाकांनी अजून भट्टीचं काही काढलेलं नाही. मुरेल भेटली नाही. कामात असेल.

तुझी तजवीज काय होती ते कळलं नाही. लागलीच नाही म्हण.

फेराखर

*

ॲबर्डीन,
२ सप्टेंबर १७६४

फेराखर,

काल गुरं घेऊन आलेला एक माणूस आमच्या स्वयंपाकघरात ताक प्यायला थांबला. कुठल्या खोऱ्यातून आलात विचारलं. म्हणाला, ग्लेन फीयावरून. आणि मी कोण हे ठाऊक नसल्यामुळं मोकळेपणानं सांगायला लागला.

"तिथं एक कॉलेजवाला आहे बाई. दूधभावाशी खेळला. दूधभावानं त्याला धुऊन काढलं आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वळून स्वतःच टोपी उचलली. टोपी हातात, काठी खाली. आणि ह्यानं मागून घातली. कानाच्या वर. दोन्ही डोळे गेले. देखणा गडी, आता आईच्या हातानं जेवतो." मग म्हणाला, "ताक चांगलं आहे."

मी त्याला आणखी दिलं. काय करणार होते?

आता माझं ऐक. जूनमध्ये मी मुरेलला पत्र लिहिलं. तिला वाचता येतं. लिहिलं की माझा भाऊ डोक्यानं गरम आहे, मरेपर्यंत टोपी उचलणार नाही. लाखलानला सांग, त्याला थोडा मार, थोडा खा आणि मग तूच टोपी उचल. जिंकल्याच्या तोऱ्यात तो घरी परत येईल, भट्टी काय आठ दिवसांत विसरेल. दोघांची डोकी शाबूत राहतील. असं लिहिलं मी. शाबूत. तिचं उत्तर आलं होतं, एका ओळीचं: तो कबूल नव्हता, मी कबूल करून घेतलं.

ती ही तजवीज. टोपी त्याच्या हातात मी दिली. ते माझं मी बघेन, माझ्या देवाशी.

तू मला एकच सांग. रक्ताच्या गोष्टी सांगू नकोस. टोपी दिसली होती का?

मार्सली

*

भट्टीवरून,
२९ सप्टेंबर १७६४

ताई,

दिसली होती.

अक्षर लागणार नाही. डाव्या हातानं लिहितोय, तीन दिवस लागतायत. उद्या गुरं घेऊन जाणाऱ्यांबरोबर मी दक्षिणेला निघतोय. हे पत्र त्यांच्यातलाच एक जण तुझ्याकडं पोचवेल. मी ॲबर्डीनला येणार नाही. वाट बघू नकोस.

त्या दिवशीचं सगळं आठवतंय. आठवत नाही हे खोटं होतं. पहिली काठी माझी, त्याच्या खांद्यावर. मग त्याच्या तीन, एकामागून एक, नडगी, कोपर, भुवई. भुवई फाटली आणि अर्धं जग तांबडं झालं. मी आत घुसलो, त्यानं बुड पोटात घातलं, मी ओकलो आणि ओकता ओकताच त्याच्या मांडीवर घातली. तो हसला. "बरी होती," म्हणाला. पुन्हा पडलो, पुन्हा उठलो. मला तेव्हा बरं वाटत होतं, ताई. एवढं बरं मला कुठल्याच वर्गात वाटलं नव्हतं. मी हरत होतो आणि ते मला चालत होतं.

मग माझा पाय घसरला, काठी खाली गेली, डोकं उघडं पडलं. पोरसुद्धा चुकलं नसतं. तो थांबला. माझ्या मागं मुरेल बसली होती तिकडं त्यानं बघितलं, जसं काही "आता?" असं विचारत होता. आणि काठी खाली टाकून वळला. वाकला. टोपी उचलली. निळी, दूधआईनं विणलेली, माझ्यासारखीच.

तेव्हा मला सगळं कळलं. तुझं पत्र नाही, ते मागाहून. पण तो मला जिंकू देतोय आणि मुरेलला ते आधीच ठाऊक आहे, एवढं कळलं. माझ्यावर दया करायचं दोघांनी बसून ठरवलं होतं. दोनशे माणसांत. माझ्या हाताला कळायच्या आत मी मारलं असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. हाताला कळलं होतं. मी पाऊल टाकलं, पल्ला घेतला आणि मारलं. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो तोंडावर पडला, टोपी मुठीत तशीच.  लोक उठले आणि आपापली वाट धरून गेले, माझ्या दोन बाजूंनी, दगडाच्या दोन बाजूंनी पाणी जावं तसे.

तुझं पत्र आल्यावर पाच दिवस घेतले. तुझ्यावर चिडण्यात दोन गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तू टोपी दिलीस, काठी नाही. मग गेलो. उघड्या डोक्यानं, टोपी पट्ट्यात खोचून, दिवसाढवळ्या, सगळ्या वाटेनं.

घरात तिघं होती. लाखलान चुलीशी बसला होता, डोक्याला फडकं. मुरेल काठीला चरबी चोळत होती, कुणाची ते ठाऊक नाही. दूधआई भाकरी थापत होती. मी आत आलो तशी ती थांबली, पण वर बघितलं नाही.

"कोण?" लाखलान म्हणाला. मग म्हणाला, "पाऊल पंडिताचं वाटतंय. अजून टाच घासतोयस."

मी म्हटलं, काठी आणलीय.

दूधआईनं हात पुसले. माझ्या हातातून काठी घेतली आणि त्याच्या हातात नेऊन दिली, लहानपणी चमचा द्यायची तशी, मूठ मिटवून. आणि भाकरीकडं परत गेली.

तो उठला. आढ्याला हात लावून उंची बघितली. "बोल काहीतरी," म्हणाला, "म्हणजे कुठं आहेस कळेल."

"इथं आहे," मी म्हटलं. मला खरंच उभं राहायचं होतं, ताई. शपथेवर सांगतो. काठी सुटली, सपकन आवाज झाला आणि माझा पाय मागं गेला. विचार न करता. काठी दाराच्या चौकटीवर बसली, ढलपी उडून चुलीत पडली.

लाखलाननं मान वाकडी करून कान दिला. "बसली?"

 मुरेल माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो असतो तर त्या घरात कुणी मला खोटं पाडलं नसतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. त्याच्या बोटांना लाकूड लागल्याचं कळलंच असणार. तरी त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझा पाय हलला. परत मार."

तो हसला. पहिल्यासारखा नाही, पण हसला. "म्हाताऱ्यानं चांगलं शिकवलंय तुला." मग चाचपडत माझ्यापर्यंत आला. त्याचा हात माझ्या तोंडावरून फिरला, भुवईवरच्या चिरेवर थांबला. ती त्यानंच दिलेली. "डोकं नको," म्हणाला. "डोकं तुला नव्हतंच कधी. काठी धरतोस तो हात कुठंय?"

पिठाची पेटी भिंतीशी होती. मी उजवा हात तिच्यावर ठेवला, तळवा खाली. त्यानं डाव्या हातानं मनगट शोधलं, तिथंच एकदा काठी टेकवली, सुतार खिळ्यावर हातोडी टेकवतो तशी.

"पाय?" म्हणाला.

"पाय इथंच आहेत."

आवाज झाला. पाय हलायला निघाले आणि मी त्यांना हलू दिलं नाही. आयुष्यात एवढं जड काही मी धरून ठेवलं नव्हतं. मग मनगटात ते झालं. एकदाच मारलं त्यानं. हाड बाहेर आलं, पांढरं, त्यावर पीठ. मी खाली बसलो नाही. ओरडलो असेन, कारण दूधआईनं दोन्ही हातांनी कान धरले होते.

"आता?" लाखलान म्हणाला.

"आता बसली."

त्यानं मान हलवली आणि काठी पुढं धरली, कुणी घ्यावी म्हणून. मुरेलनं घेतली. मला वाटलं ती माझ्याशी काही बोलेल. तिनं काठी गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. मोडेना; तिनंच तर धुरात पक्की केली होती. मग तिनं ती तशीच अख्खी चुलीत सरकवली आणि चरबीनं जाळ एकदम वर आला. त्या उजेडात तिचं तोंड ओलं दिसलं. मग ती लाखलानपाशी जाऊन बसली, जिथं ती जानेवारीतही बसत असणार, मी बघितलं असतं तर.

आढ्यावर कोळ्याची जाळी होती. यावेळी कुणी उठलं नाही.

मी डाव्या हातानं पट्ट्यातली टोपी काढली आणि डोक्यावर घातली.

"गेला का?" लाखलाननं विचारलं.

"निघालाय," दूधआई म्हणाली. अख्ख्या वेळात तेवढंच बोलली.

"दार लाव म्हणावं. वारा येतोय."

ते दार तुला ठाऊक आहे, खाली घासतं, उचलून ओढावं लागतं. एका हातानं जमायला वेळ लागला. बाहेर आलो, खांदा लावून उचललं आणि नीट बसेपर्यंत ओढून घेतलं.

फेराखर